चौकट दिसेल, पण कॅमेरा पोचला तर
‘एआय लावलं की एकही पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ) सुटणार नाही’ असं काही जण म्हणतात, त्यात थोडी भर. कोलोनोस्कोपी (मोठं आतडं कॅमेऱ्याने आतून तपासणं) चालू असताना संशयास्पद जागेभोवती पडद्यावर चौकट उमटते, एवढंच त्याचं काम. कॅमेरा आतड्याच्या घडीमागे गेलाच नाही, किंवा पोट नीट साफ नसेल, तर एआय बिचारं काय करणार!

फायदा आहेच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या चाचणीत एआयविना २०.३ टक्के रुग्णांत अ‍ॅडेनोमा (पुढे कर्करोग होऊ शकतो असे पॉलिप) सापडले, एआयसह २९.१ टक्के. वाढ मुख्यतः बारीक गाठींची, हेही खरं.

मला जास्त खटकला तो २०२५ चा पोलंडमधला अभ्यास. एआय वापरात आल्यावर त्याच डॉक्टरांनी त्याविना केलेल्या तपासण्यांत हे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. (अभ्यास निरीक्षणात्मक आहे, एआयची सवय हेच कारण, असं छातीठोक सांगता येत नाही.)