माडीच्या लाकडी जमिनीवर टर्नटेबल आणि स्पीकर: कंपने कशी कमी करावीत?

माडीवाला, फोंडा
नमस्कार. आमचे घर जुने, चिऱ्यांच्या भिंतींचे असून माडीची जमीन तुळयांवर ठोकलेल्या फळ्यांची आहे. सुमारे पाच मीटर लांबीच्या खोलीत लोखंडी रॅकवर टर्नटेबल व ॲम्प्लिफायर आहेत आणि पोकळ लोखंडी स्टँडवर बुकशेल्फ स्पीकर आहेत. कोणी खोलीतून चालले की सुई उडते. शिवाय पुरुष गायकांच्या ध्वनिमुद्रिका लावल्या की तानपुऱ्याचा खर्ज इतका घुमतो की विलंबित ख्यालातील शब्द त्यात बुडून जातात. दुकानदाराने सगळ्याखाली टोकदार स्पाइक बसवण्यास सांगितले आहे, तर एका मित्राच्या मते रबरी पाय हवेत. खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

ध्वनिवेडा, पणजी
हे दोन उपाय परस्परविरुद्ध कामांसाठी आहेत. स्पाइक कंपन अडवत नाही. तो स्टँडला जमिनीशी जखडतो. जमीन काँक्रीटची असेल तर त्याचा उपयोग होतो, परंतु आपल्याकडे जमीनच हलते, त्यामुळे रॅकखाली स्पाइक लावल्यास पावलाचा धक्का थेट टर्नटेबलपर्यंत पोहोचेल.

रबराची अडचण निराळी आहे. कोणतीही स्प्रिंग किंवा गादी स्वतःच्या नैसर्गिक वारंवारितेच्या (धक्का दिल्यावर ती आपोआप सेकंदाला जितक्या वेळा डोलते, त्या संख्येच्या) सुमारे १.४ पटीहून वरचीच कंपने कमी करते आणि त्या वारंवारितेच्या आसपासची कंपने उलट वाढवते. वजन ठेवल्यावर १ मिमी दबणाऱ्या स्प्रिंगची ही वारंवारिता सुमारे १६ हर्ट्झ येते, तर १० मिमी दबणारीची सुमारे ५ हर्ट्झ. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) यांची जोडी साधारण ८ ते १२ हर्ट्झला डोलते आणि पावलांनी हलणारी फळ्यांची जमीनही बहुधा याच्या जवळपासच कंप पावते. म्हणजे बाजारातील जेमतेम दबणारे रबरी पाय आपला त्रास वाढवण्याचीच शक्यता अधिक आहे. माझा आग्रह असा की टर्नटेबल जमिनीवरून पूर्णपणे काढावे आणि चिऱ्याच्या भिंतीत पक्क्या बसवलेल्या कंसांवरील (ब्रॅकेटवरील) फळीवर ठेवावे. अशी जाड, जड भिंत पावलांनी जवळजवळ हलत नाही, आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये सहसा न मिळणारी ही सोय आपल्या घरात आयती आहे.

त्याआधी एक चाचणी करावी. मोटर बंद ठेवून सुई स्थिर ध्वनिमुद्रिकेवर टेकवावी, आवाज अगदी हळूहळू वाढवावा आणि कोणाला तरी खोलीतून चालायला सांगून रॅकवर बोटाने हलकेच टकटक करावी. जे ऐकू येईल ते सुईपर्यंत पोहोचलेले कंपनच असेल. घुमू लागताच आवाज लगेच कमी करावा.

खर्जप्रेमी, मडगाव
दुसऱ्या तक्रारीचा दोष मी स्टँडवर टाकणार नाही. काळी एकमधील (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत गाणाऱ्या) पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणून खर्ज, म्हणजे त्याखालच्या सप्तकातला षड्ज, सुमारे ६९ हर्ट्झचा. पाच मीटर लांबीच्या खोलीची पहिली अनुनाद-वारंवारिता (ज्या स्वराला खोली स्वतःच घुमते ती) ३४ आणि दुसरी बरोबर ६९ हर्ट्झच्या आसपास येते! या दुसऱ्या अनुनादाचा दाब समोरासमोरच्या भिंतींपाशी आणि खोलीच्या मध्यभागी सर्वाधिक असतो, तर भिंतीपासून सव्वा मीटरवर सर्वांत कमी असतो. आपली खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर ती तेवढी पुढे घ्यावी. स्पीकरही समोरच्या भिंतीपासून शक्य तितके पुढे आणावेत. यास पैसा लागत नाही.

माडीवाला, फोंडा
खुर्ची भिंतीलाच लागून होती. ती पुढे घेताच खर्ज पुष्कळ आवरला आणि शब्द सुटे ऐकू येऊ लागले; आपले मनापासून आभार. भिंतीतील चिऱ्यांचे सांधे मात्र मातीचे आहेत. तेथे बोल्ट धरेल का?

जुने घर, म्हापसा
सांध्यात धरणार नाही. गिलावा थोडा खरवडून चिऱ्याच्या कडा शोधाव्यात आणि भोक चिऱ्याच्या मध्यावर घ्यावे. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ असल्याने ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा. फुगणाऱ्या बोल्टपेक्षा रसायनाने चिकटणारा लांब बोल्ट अधिक सुरक्षित ठरतो, कारण तो दगडावर आतून ताण देत नाही.

स्टँडबद्दलही थोडे सांगतो. पोकळ नळी टिचकी मारल्यावर घणघणत असेल तर तिच्यात वाळू भरावी, परंतु किनाऱ्यावरची वाळू कधीही भरू नये, कारण तिच्यातील मीठ पावसाळी दमटपणात लोखंड आतून खाते. धुऊन, कढईत भाजून पूर्ण कोरडी केलेली नदीची वाळू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घालावी. नळी अर्धी भरली तरी घणघण थांबते. जुन्या फळ्यांवर उगाच वजन वाढवू नये. स्टँड शक्यतो तुळईच्या वर येईल असे ठेवावेत. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या) फळ्या असतील तर त्या पावसाळ्यात फुगतात आणि नंतर आकसतात, म्हणून दर दिवाळीच्या सुमारास सर्व स्क्रू पुन्हा आवळावेत.