एकाच घरातले दोन भाऊ, दोघांनाही मधुमेह: सवयींमध्ये स्वभाव किती आणि परिस्थिती किती?

प्रश्न: सत्तरीची लेक

नमस्कार. माझे बाबा आणि काका यांच्या वयात अवघ्या दोन वर्षांचे अंतर आहे, बाबा थोरले. दोघेही गोव्यातील सत्तरी तालुक्यात वाळपईजवळच्या एकाच घरात, एकाच चुलीवरची पेज जेवून वाढले आणि दोघांनाही पन्नाशीच्या आसपास मधुमेह झाला. काका प्राथमिक शिक्षक होते. ते पहाटे देवळापर्यंत चालत जातात, गोळी चुकवत नाहीत आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासून आकडे वहीत उतरवून ठेवतात. बाबांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पण कर्जाचे हप्ते चालूच राहिले. मध्यंतरी थोडे काम मिळू लागले होते, तोच २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि आम्ही ट्रक विकला. तेव्हापासून ते मिळेल तिथे बदली चालक म्हणून जातात. जेवण कधी दुपारी एकला, तर कधी चारला होते, गोळ्या संपल्या की आठवडा तसाच जातो आणि संध्याकाळी मित्रांबरोबर बसणे ठरलेले असते.

घरात सगळे म्हणतात, त्यांचा स्वभावच बेफिकीर आहे. मला ते पटत नाही, कारण ट्रक होता तेव्हा हेच बाबा दर रविवारी चाकांची हवा, तेल आणि कागदपत्रे स्वतः तपासत असत. मात्र आमच्याच गावात काम गेल्यावरही प्रकृती सांभाळणारे लोक आहेत, त्यामुळे सारे काही परिस्थितीवर ढकलणेही मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. हे कसे समजून घ्यावे आणि घरच्यांनी नेमके काय करावे?

उत्तर: फोंडेकर (निवृत्त प्राध्यापक, मानसशास्त्र)

ताई, तुमच्या पत्रातील चाकांच्या हवेचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. नियमितपणा, जबाबदारीची जाण आणि पुढचा विचार या गुणांना मिळून कर्तव्यदक्षता म्हणतात आणि आरोग्याशी तिचा संबंध पुष्कळ अभ्यासला गेला आहे. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार हुशार मुलांची पाहणी सुरू केली. त्याच नोंदींवरून हॉवर्ड फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले, की लहानपणी कर्तव्यदक्ष ठरलेली मुले सरासरीने अधिक वर्षे जगली. तेव्हा घरच्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण ती मुले बहुतांशी गोऱ्या, मध्यमवर्गीय घरांतली होती. एकाच मळ्यात लावलेल्या रोपांच्या उंचीत फरक पडला, तर तो बियाण्याचाच वाटतो. एक रोप खाडीकाठच्या सखल खाजनात आणि दुसरे डोंगरउतारावर लावले असेल, तर केवळ बियाण्याला बोल लावता येत नाही.

दुसरी बाजू लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल पाहणीत दिसते. ही पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली आणि मायकेल मार्मट यांच्या लेखनामुळे ती जगभर माहीत झाली. या सर्वांना पक्की नोकरी आणि पगार होता. तरीही हुद्दा जितका खालचा, तितके हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. खालच्या हुद्द्यांवर धूम्रपान अधिक होते हे खरे, परंतु धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत, आपल्या कामावर आपला ताबा किती, हा मुद्दा ठळकपणे पुढे आला.

तुमच्या काकांचा दिवस अनेक वर्षे शाळेच्या घंटेने बांधला होता आणि आजही निवृत्तिवेतन ठरल्या वेळी येते. बाबांची कर्तव्यदक्षता ट्रकच्या दिनक्रमाला धरून उभी होती. ट्रकबरोबर तो दिनक्रमही गेला, असे मला वाटते. म्हणून त्यांना उपदेश करण्यापेक्षा त्यांच्या दिवसात एखादी न हलणारी वेळ शोधणे अधिक उपयोगाचे ठरेल.

उत्तर: वेर्ण्याचा पाळीवाला

सरांच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडतो. मी औषधांच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो आणि स्वभावाने काटेकोर आहे. कामावरची प्रत्येक नोंद वेळेवर करतो. तरीही रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे तीनला भूक लागते, समोर असेल ते तळलेले खातो आणि दिवसा झोप पुरी होत नसल्याने चालायला जाणे राहून जाते. दिवसपाळी लागली की पुन्हा नियमाने चालू लागतो. माणूस तोच असतो, आठवडा तेवढा बदलतो.

उत्तर: पेडण्याची परिचारिका

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. त्यामुळे तुमच्या घरातला प्रश्न इथल्या असंख्य घरांतला आहे.

सरांचे विवेचन मला मान्य आहे, परंतु स्वभावाकडे पाहण्याची माझी रीत थोडी वेगळी आहे. स्वभाव बदलता येत नाही असे धरून चालले, तरी कोणता उपाय कोणाला पेलेल हे त्यावरून ठरवता येते. माणसांत रमणाऱ्याला एकट्याने चालायला सांगून उपयोग होत नाही, त्याला सोबत द्यावी लागते. संकोची माणूस मात्र चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला कधीच खरे उत्तर देत नाही. बाबा गोळ्या का आणत नाहीत, हे त्यांना एकांतात विचारले आहे का? एकेकाळी चार माणसांना काम देणाऱ्याला औषधासाठी हात पसरणे किती जड जाते, हे मी आरोग्य केंद्रात रोज पाहते.

संध्याकाळच्या बसण्याविषयीही बोलावेसे वाटते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशनाचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती, बैठका जास्तीत जास्त चार होत्या. तरीही तीन महिन्यांनंतर न पिणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत अधिक आढळले.

न हलणाऱ्या वेळेबाबत एक सुचवते. बाबांच्या जेवणाची वेळ बदलते, पण पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा रोज सकाळी वाजतोच. गोळी जेवणाआधीची की नंतरची, हे डॉक्टरांना विचारून जमत असेल, तर ती त्या भोंग्याशी आणि न्याहारीशी जोडा. लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, काहींना १८ तर काहींना २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. एक दिवस चुकला म्हणून बाबांना कृपया बोलू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर: सत्तरीची लेक

सर्वांचे मनापासून आभार. परवा मी बाबांना अंगणात एकटे गाठून विचारले. बराच वेळ ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, की गोळ्या संपल्यावर औषधाच्या दुकानात उधारी मागायला नको वाटते आणि धाकट्या भावाकडून पैसे घेणे तर त्याहूनही नको वाटते. इतकी वर्षे आम्ही त्याला बेफिकिरी म्हणत होतो, याचे मला फार वाईट वाटले.

महिन्याच्या गोळ्या आता मी माझ्या पगारातून घरखर्चाच्या सामानाबरोबरच आणणार आहे, म्हणजे वेगळे मागण्याचा प्रसंगच येणार नाही. काका पहाटे देवळाकडे जाताना आमच्या दारावरून जातात. सोमवारपासून ते बाबांना हाक मारतील. बाबांची एक गोळी रात्रीच्या जेवणाआधीची आहे आणि कामावरून यायला त्यांना कधी कधी दहा वाजतात, तेव्हा तिचे काय करावे हे आम्ही दोघे येत्या गुरुवारी डॉक्टरांना विचारणार आहोत. समुपदेशनाचा विषय मी अजून काढलेला नाही.