मदत हवी आहे : पांढऱ्या कुर्त्यावरचे डाग निघेनात, उद्या लग्न

शेंगदाणाचटणी :
लेकराच्या पांढऱ्या कुर्त्यावर दोन डाग पडलेत. साबण, पावडर, ब्रश, सगळं झालं. एक तर धुतल्यावर उलट लालच दिसायलाय. उद्या दुपारी लग्न आहे, हा करवला आहे आणि हाच कुर्ता घालायचाय. पटकन सांगा. व्हिडिओ पाठवू नका, पाहून झालेत.

गोदाकाठ :
डाग कशाचे? कापड कोणतं?

बोअरचंपाणी :
डागाचं नंतर बघू, आधी पाणी कुठलंय ते सांगा. आमच्याकडं बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. पांढरे कपडे वर्षभरात करडे पडतात. फिल्टरच्या पाण्यानं शेवटचं खंगाळून बघा.

शेंगदाणाचटणी :
पाणी टँकरचं आहे आणि मी पाण्याबद्दल विचारलेलं नाही. लाल झालेला डाग हळदीचा, काल माझ्या भावाची हळद होती. दुसरा खांद्यावर आहे, तपकिरी. कशाचा ते माहीत नाही.

जुनंखोड :
तपकिरी म्हणजे बिब्बा. निघत नाही. पूर्वी परीट लोक कपड्यांवर खुणा करायला बिब्बाच वापरायचे, ते उगीच नाही.

शेंगदाणाचटणी :
काका, हळदीच्या मांडवात बिब्बा कुठून येईल? लग्नघर आहे, तुम्ही नका घालू बिब्बा.

गोदाकाठ :
हळद साबणाला लागली की लाल होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साबणातला खार नीट निघून गेला की परत पिवळी होईल. थोडं लिंबू पिळून बघा, लगेच दिसेल. आता घासणं बंद करा. साध्या पाण्यानं खंगाळून ओलाच कुर्ता उन्हात टाका, डागाची बाजू वर. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही आणि आपल्याकडं मे महिन्यात उन्हाला तोटा नाही. सुकला की पाणी शिंपडा, परत टाका. इस्त्री मात्र डाग गेल्याशिवाय फिरवू नका.

झटपट_लातूर :
एवढा वेळ कुणाला आहे? ब्लीच घ्या, त्यात लिंबू पिळा, दहा मिनिटांत पांढराशुभ्र. आमच्या घरी असंच करतात.

गोदाकाठ :
अहो, ब्लीचमध्ये लिंबू पिळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत हे करायला सांगताय, तेही घरात लेकरं असताना? कृपया कुणी करू नका.

झटपट_लातूर :
आम्हाला तर काही झालं नाही. नुसतं ब्लीच लावा मग. कॉटनला चालतंच.

शेंगदाणाचटणी :
कॉटनच आहे. गळ्याला आणि बाह्यांना तेवढा पैठणीचा काठ लावलाय, आईच्या जुन्या पैठणीतला.

गोदाकाठ :
हे आधी सांगायचं ना ताई! रेशमाला ब्लीच अजिबात चालत नाही, पिवळं पडून धागा विरतो. जरही काळी पडेल. उन्हात टाकताना काठावर जाड कापड टाचून झाका, नाहीतर हळद जाईल आणि काठाचा रंगही उडेल.

बोअरचंपाणी :
टँकरचं पाणी तरी कुठलं? तेही बोअरचंच असतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही लातुरात होतो, कपडे धुवायचा विषयच नव्हता.

झटपट_लातूर :
झालं, निघाली रेल्वे. आता जायकवाडीपर्यंत जाईल हा धागा.

काळी_माती :
तपकिरी डागाचं कुणी बोलेना. ताई, लग्न कुठं आहे?

शेंगदाणाचटणी :
अर्धापूर. त्याचा काय संबंध?

काळी_माती :
अर्धापूर म्हणजे केळी. मांडवाच्या दाराला केळीचे खांब बांधले असतील, ताजे कापलेले. लेकरू खांबाला खांदा लावून उभं राहिलं असणार. चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतच नाही. हवा लागली की तपकिरी होतो. केळीत काम करणारा माणूस म्हणूनच जुना सदरा घालतो. वाळलेला चीक पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. मेडिकलवर हायड्रोजन परॉक्साइड मिळतं, कापसाच्या बोळ्यानं डागावर टेकवत राहा आणि नंतर धुवा. आधी आतल्या शिलाईवर थेंब टाकून बघा. काठापासून लांब.

जुनंखोड :
चिकाला रॉकेल.

काळी_माती :
रॉकेल ताज्या चिकाला ठीक. आणि मिळतंय कुठं आता? मिळालं तरी करवल्याच्या अंगाला वास येईल.

परभणीची_ताई :
माझ्या मुलाच्या शाळेच्या शर्टावर बॉलपेनची शाई सांडलीय, खिशाला. काय करू?

शेंगदाणाचटणी :
खांबच होते, दोन्ही बाजूंनी. भावानंच बांधलेत. परॉक्साइड आणलं, दोनदा टेकवलं, डाग चहाच्या रंगावर आलाय. हळद दोन तासांत बरीच फिकी झाली, चार वाजेपर्यंत गच्चीवरच ठेवते. आता आई म्हणते, खांद्यावर उपरणं टाक आणि स्वयंपाकघरात ये. दोनशे पानं उठायचीत.

झटपट_लातूर :
उपरण्याचं मी सुचवणारच होतो.

परभणीची_ताई :
शाईचं सांगा ना कुणीतरी.

काळी_माती :
सॅनिटायझर. शर्टाच्या आत जुनं फडकं ठेवा, नाहीतर शाई पाठीकडं उतरेल.