मदत हवी आहे: शेवग्यातल्या रुटिनचा डॉकिंग स्कोअर खऱ्या औषधाच्या पुढे! विश्वास ठेवू का?

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीची, एमएस्सी बायोइन्फॉर्मॅटिक्सचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट मधुमेहावर: शेवग्याच्या पाल्यातली संयुगं डीपीपी-४ या एन्झाइमवर (मधुमेहाच्या काही गोळ्या यालाच रोखतात) डॉक करून बघायची, म्हणजे रेणू तिथे किती घट्ट बसतो ते संगणकावर तपासायचं. इम्पॅटवरून (चेन्नईच्या आयएमएससीचा डेटाबेस) रचना उतरवून घेतल्या आणि ऑटोडॉक व्हिना या डॉकिंगच्या सॉफ्टवेअरला लावल्या. ८ जीबीचा लॅपटॉप, रात्रभर पंखा घरघरत होता.

सकाळी बघते तर पाल्यातलं रुटिन -९.८ आणि मधुमेहाची गोळी सिटाग्लिप्टिन -८.१! (स्कोअर जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट.) २००६ पासून बाजारात असलेल्या गोळीला शेवग्याने मागे टाकलं. मी हरखून घरी सांगितलं, तर शेजारच्या काकू लगेच, "मग गोळी बंद करून पाल्याची भाजीच खाऊ का गं?" तिथे मात्र चरकले. (गोळी चालू आहे, काळजी नसावी.)

मग पीडीबीतल्या (प्रोटीनच्या रचनांचा डेटाबेस) १एक्स७० या डीपीपी-४ च्या रचनेतलं सिटाग्लिप्टिन काढून पुन्हा तिथेच डॉक केलं. आरएमएसडी (मूळ जागेपासून किती सरकलं ते) ४.३ अँगस्ट्रॉम. २ च्या आत हवा ना? बॉक्स (शोधायची जागा) अख्ख्या प्रोटीनभोवती होता, एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा ते) ८, म्हणजे डिफॉल्टच.

गाइड म्हणतात, स्कोअर छान आहे, लिहून टाक. माझं मन घेत नाही. शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे. नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
मन घेत नाही तेच बरोबर. बॉक्स फार मोठा झालाय. मूळ लिगँडभोवती (म्हणजे तिथे बसलेल्या सिटाग्लिप्टिनभोवती) साधारण २२ अँगस्ट्रॉमचा ठेवा, एक्झॉस्टिव्हनेस ३२ करा. सिटाग्लिप्टिनच्या अमाइनवर (नायट्रोजनच्या गटावर) प्रोटॉन दिलात का? तो प्रभारित गटच डीपीपी-४ मधल्या ग्लु२०५ आणि ग्लु२०६ या अमिनो आम्लांना धरून बसतो.

रुटिनचं म्हणाल, तर व्हिना मोठ्या रेणूंवर जरा मेहेरबान असतं, जितके अणू तितके संपर्क. हायड्रोजन सोडून रुटिनमध्ये ४३ अणू आहेत, सिटाग्लिप्टिनमध्ये २८. स्कोअरला त्याने भागून बघा. शिवाय रुटिनला दोन साखरा चिकटलेल्या, रेणुभार ६१०. आतड्यातले जिवाणू त्या साखरा तोडून क्वेर्सेटिन करतात. मग रक्तात पोचतंय काय, ते डॉक करायला हवं.

मूळ धागाकर्ती:
भागलं. रुटिन ०.२३, गोळी ०.२९. 😐 प्रोटॉन खरंच राहिला होता. तो देऊन, बॉक्स आवळून पुन्हा चालवलं, आरएमएसडी १.४! क्वेर्सेटिन रात्री लावते. आता गाइडना हे कोणत्या तोंडाने सांगू, तेही सुचवा.