सुचले नाही तरी जावे

दुःखात असलेल्या घरी काय बोलावे ते सुचत नाही, त्यामुळे न जाता फोनवरूनच प्रार्थना केलेली बरी, असे काही जण म्हणतात. त्यामागचा संकोच खरा आहे; निष्कर्ष मात्र मला पटत नाही. बायबलमधील ‘ईयोब’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, मुले व संपत्ती गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून एक शब्दही बोलत नाहीत. पुढे 42व्या अध्यायात देवाचा कोप होतो तो त्यांच्या बोलण्यावर, येण्यावर नव्हे.

आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका भगिनीचे यजमान प्रभूत निजले, तेव्हा दफनविधीनंतर गीते झाली, पाळकांनी सांत्वनपर वचने वाचली आणि आठवडाभरात घर रिकामे झाले. शेजारच्या मावशी मात्र त्यानंतरही कित्येक महिने संध्याकाळी येत, स्वयंपाकघरात बसून तांदूळ नाहीतर मेथी निवडून देत आणि दिवेलागणीच्या कौटुंबिक प्रार्थनेला थांबत. मृत्यूचा विषय त्या स्वतःहून कधीच काढत नसत. त्या भगिनी पुन्हा उपासनेला येऊ लागल्या त्या मावशींच्याच सोबतीने. म्हणून पहिल्या आठवड्यानंतरच्या भेटींची पाळी प्रत्येक मंडळीने ठरवून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.