मदत हवी आहे : पाळणाघरातली कांजिण्यांची साथ वहीत नीट कशी पकडायची?

मंडळी, मी पाळणाघर चालवते. पटावर २८ मुलं, दीड ते सहा वर्षांची. सध्या कांजिण्या आल्यात. औषधांचं डॉक्टर बघताहेत, मला विचारायचंय ते नोंदींबद्दल.

माझ्याकडे हजेरीची वही आहे. मूल आलं नाही की 'गै', आणि पुढे कारण. या महिन्याचं पान असं : ३ तारखेला एक, १२ ला एक, १७ ला दोन, १८ ला एक, २२ ला एक. एकूण सहा. पहिल्याचे कपडे बदलताना पोटावर तीन बारीक लाल ठिपके मीच पाहिले. घामोळं वाटलं. झोपून उठला तेव्हा त्यांत पाणी भरलेलं.

दहा दिवसांत नवीन कोणी नाही म्हणून १३ तारखेला मी पालकांच्या ग्रुपवर 'साथ आटोपली' असं टाकून मोकळी झाले. (१२ चं मूल कांजिण्यांमुळे घरी आहे हे मला नंतर कळलं.) चौथ्या दिवशी दोघांना फोड! पुढे पालकांनी जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

तर कोणाकडून कोणाला गेलं हे या तारखांवरून कळतं का? साथ संपली असं नक्की कधी म्हणायचं? आणि उलट्या-जुलाब, हँड-फूट-माउथ (हात, पाय, तोंडात फोड येतात तो आजार) यांसाठीही हीच वही चालेल का?

निवृत्त परिचारिका :
ताई, तुमची वही हजेरीची आहे, आजाराची नाही. घोळ तिथेच आहे. 'गै' म्हणजे आईने मूल घरी ठेवलं तो दिवस. आपल्याला हवा पहिला फोड दिसला तो दिवस. आम्ही याला लाइन लिस्ट म्हणायचो : एका मुलाला एक ओळ. वय, कोणत्या खोलीत बसतं, पुरळ कधी उठलं, त्याआधी शेवटचं कधी आलं होतं, लस झालीय का, परत कधी आलं.

कांजिण्यांची लागण झाल्यापासून पुरळ उठायला १० ते २१ दिवस लागतात, बहुतेकदा १४ ते १६. आणि पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, ते मूल इतरांना देत असतं. म्हणजे तुमचे ते शांत दहा दिवस 'संपली'चे नव्हते, वाट बघायचे होते. १७-१८ च्या मुलांना ३ तारखेच्या मुलाकडून लागण झाली. २२ चंही तिथूनच, कारण १७ पासून पाच दिवसांत कांजिण्या उठत नाहीत. १२ चं मात्र मला पटत नाही. नऊच दिवस? त्याच्या आईला पुन्हा विचारा.

तुमच्याकडे कोणी मदतनीस किंवा पालक गरोदर असेल आणि तिला पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील, तर वही बाजूला ठेवा, आधी तिला डॉक्टरांकडे पाठवा.

आलेखवेडा :
चौकटीचा कागद घ्या. खाली तारखा, एका मुलाला एक चौकोन, एकावर एक रचत जा. कांजिण्यांत दोन ढिगाऱ्यांमध्ये साधारण दोन आठवड्यांची मोकळी जागा पडते. १८४६ साली फॅरो बेटांवर गोवर पसरला तेव्हा पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने गावोगावच्या तारखा अशाच जुळवून एका पुरळापासून पुढच्या पुरळापर्यंतचे १३-१४ दिवस काढले होते. विषाणू कोणी पाहिलेलाही नव्हता तेव्हा.

प्रत्येक आजाराला वेगळं पान हवंच. हँड-फूट-माउथ ३ ते ६ दिवसांत दिसतो, नोरोव्हायरसच्या उलट्या १२ ते ४८ तासांत. एकाच रात्री दहा जणांना उलट्या झाल्या तर आधी खाणंपिणं तपासा. रोज एक-दोन अशी भर पडत असेल तर बहुधा एकमेकांकडून चाललंय.

धागाकर्ती :
विचारलं! १२ पासून नुसता खोकला होता म्हणून घरी ठेवलेलं. पहिला फोड कानामागे, तोही १८ ला. म्हणजे १७ ला दोन, १८ ला दोन. आता चौकोन कसे नीट बसले. शेवटच्या २२ तारखेपासून पुढे २१ दिवस मोजले आणि ग्रुपवर लिहिलं, 'पुढच्या महिन्याच्या १२ पर्यंत रोज आंघोळीच्या वेळी अंग बघा.' मुलांची नावं टाकली नाहीत.

एक शंका. आज दीड वर्षाच्या एकीच्या मानेवर दोन पुटकुळ्या दिसल्या. लस झालेली आहे. तिला यात धरायचं का?

निवृत्त परिचारिका :
धरा, पण पुढे प्रश्नचिन्ह टाका आणि आजच घरी पाठवा. लस झालेल्यांना होतात तेव्हा फोड बहुधा ५० च्या आत असतात, कित्येकदा पाणीही भरत नाही. डॉक्टर हो म्हणाले तर प्रश्नचिन्ह खोडा आणि ती १२ तारीख पुढे ढकला.