वजन उतरलं, पण वरचं माप वेगळं नि खालचं वेगळं. काय करावं?

सुईदोरा, मालवण

नमस्कार मंडळी. वय 43, उंची 5 फूट 2 इंच, दोन बाळंतपणं. धंदा शिवणाचा, त्यामुळे टेप कायम गळ्यात आणि काट्यापेक्षा माझा भरवसा टेपवरच जास्त. गणपतीत मोदक खाऊन काटा 74 वर गेला तेव्हा मनावर घेतलं. आता शिमगा झाला आणि 63 वर आहे. वाईट नाही, कळतं मला. पण मापं बघा. छाती 40 होती ती 36. दंड साडेतेराचा साडेअकरा. कंबर 36 ची साडेएकतीस. आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर? 45 ची 42. मांडी साडेसव्वीस होती ती 25. आता छाती-सीटमध्ये सहा इंचांचा फरक, आधी पाचाचा होता. म्हणजे बारीक होऊन मी जास्त बेढब झाले!

गळ्याची हाडं वर आलीत, गाल बसलेत, बांगड्या कोपराकडे धावतात. मासळीबाजारातली ओळखीची मावशी परवा सुरमईचा भाव सांगायचा सोडून मलाच विचारते, "गो, कित्याक इतकी सुकलंस? बरा नाय काय तुका?" त्याच दिवशी घरी येऊन जुनी सलवार चढवली तर मांडीत तशीच घट्ट. सासूबाई म्हणतात, पुरे झालं आता, तोंड उतरलं. नवरा काही बोलत नाही, तो जेवतो.

गंमत म्हणजे माझी मापांची वही उघडलीत तर छातीपेक्षा सीट सहा-सात इंच जास्त असलेल्या बायका पानोपानी सापडतील. त्यांना मी कधी मनातसुद्धा बेढब म्हटलं नाही. गुपचूप टक्स घेते, कळ्या घालते, ड्रेस बसतो. स्वतःची पाळी आली की मात्र आरशापुढून हलवत नाही.

खाण्याचं असं: सकाळची पेज बंद, भात मूठभर, वाटणातलं खोबरं निम्मं. संध्याकाळी दुकान बंद केलं की चिवल्याच्या किनाऱ्यावर चालते. महिनाभर काटा हलेना म्हणून रात्रीचं जेवण सोडलं, नुसती सोलकढी घेते. जिममधला मुलगा सांगतो की रोज शंभर वेळा पाय बाजूला उचला, मांडीचीच चरबी जळेल. हे खरं आहे का? की अजून सहा-सात किलो उतरवू, म्हणजे खालचंही जाईल? पण तोवर तोंडावर काय उरेल?

फिजिओ, रत्नागिरी

ताई, मापं लिहून ठेवलीत ते फार बरं केलंत, नाहीतर लोक नुसतं "पोट कमी होत नाही" एवढंच सांगतात. पण तुमचे आकडे टक्क्यांत मांडून बघा. दंड जवळजवळ 15 टक्के उतरलाय, कंबर साडेबारा, छाती 10, सीट पावणेसात, मांडी साडेपाचच्या थोडी वर. खालचंही उतरतंय. ते मागून येतंय, इतकंच.

बायकांच्या शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे चरबीचा साठा मांड्या आणि नितंबांवर होतो. गरोदरपण आणि अंगावर पाजणं यांसाठीची ती शिल्लक आहे, आणि शरीर ती सहजी मोडत नाही. तिथल्या चरबीच्या पेशींवर अल्फा-2 नावाचे रिसेप्टर, म्हणजे शरीराचे निरोप घेणारे ग्राहक, पोटाच्या मानाने जास्त असतात. चरबी सोडण्याचा निरोप आला तरी ते तो दाबून धरतात. पोटातली चरबी मात्र लवकर मोकळी होते. पाळी जाण्याच्या सुमारास हे गणित उलटतं आणि चरबी कमरेकडे सरकायला लागते. म्हणून 43 व्या वर्षी कंबर साडेचार इंचांनी उतरवलीत, ही तुमच्या यादीतली सगळ्यात मोलाची ओळ. भारतीय बायकांसाठी कमरेची मर्यादा 80 सेंटीमीटर धरतात, म्हणजे बरोब्बर साडेएकतीस इंच. तुम्ही त्या रेघेवर उभ्या आहात. दुसरा हिशेब उंचीच्या निम्म्या कमरेचा. तुमची उंची 62 इंच, तेव्हा 31. अर्धा इंच राहिला.

मांडीवरची चरबी हृदयाला नि साखरेला पोटातल्या चरबीसारखी नडत नाही. दिसण्याचा प्रश्न आहे, तोही खराच, पण घाबरण्याचा नाही.

जिममधल्या मुलाचं म्हणाल तर पाय उचला, नितंबाचे स्नायू बळकट होतील, गुडघ्याला आधार मिळेल. पण ज्या जागेचा व्यायाम त्याच जागेची चरबी जळते असं होत नाही. अमेरिकेत 1971 साली टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले होते. खेळायच्या हाताचा घेर मोठा निघाला, कारण स्नायू वाढलेला. कातडीखालची चरबी दोन्ही हातांना सारखीच. वर्षानुवर्षं एकाच हाताने चेंडू मारूनसुद्धा!

आता रागावणार आहे. रात्री नुसती सोलकढी हे जेवण नव्हे. तिच्यात प्रथिनं नावालाच. तुमचा दंड 15 टक्के उतरला तो सगळा चरबीचा नाही, त्यात स्नायूही गेला असणार, आणि उपाशी राहिलात तर अजून जाईल. स्नायू गेला की वरच्या अंगावर लगेच दिसतं, मग मावशी भाव सोडून तब्येत विचारणारच. 63 किलोला दिवसाला 65 ते 75 ग्रॅम प्रथिनं धरा. 100 ग्रॅम बांगड्याच्या मांसात 20 ग्रॅमच्या आसपास मिळतात, 100 ग्रॅम कुळथात 22, एका अंड्यात 6. दुपारी मासळी, रात्री कुळथाची घट्ट पिठी आणि एखादं अंडं, भात थोडा असला तरी चालेल.

वरचं अंग भरायचं असेल तर त्याला काम द्या. पडवीच्या खांबाला व्यायामाचा रबरी पट्टा बांधा आणि रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढतात तसा दोन्ही हातांनी छातीकडे ओढा. पाठ आणि खांद्याचा मागचा भाग भरतो. कळशीत पाच लिटर पाणी घेऊन पायरीवर चढ-उतर करा, मग हळूहळू दहापर्यंत न्या. आठवड्यातून तीनदा पुरे. खांदा थोडा रुंद झाला की खालचा घेर तेवढाच असूनही डोळ्याला कमी वाटतो. हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही शिवता!

अजून एक. किनाऱ्यावर उतारावरून चालू नका. एक पाय कायम खाली राहतो, मग गुडघा आणि खुबा कुरकुरतात. ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवरून चाला आणि जाल त्याच पट्ट्यातून परत या. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तेव्हा दुकानाची वेळ बघून सकाळ-संध्याकाळ बदलावी लागेल.

अजून तीन-चार किलो उतरवायला हरकत नाही, 63 किलोला तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 25 च्या जरा वर आहे आणि आपल्याकडे 23 च्या पुढे जास्तच मानतात. पण घाई नको.

मीठमिरची, गुहागर

माझी जाऊ मांड्यांना गरम खोबरेल चोळते, वरून स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळते आणि तासभर चालते. तिचे दोन इंच गेले. करून बघा.

फिजिओ, रत्नागिरी

ते पाणी गेलं, ताई. दोन तांबे पाणी प्याल्यावर टेप लावून बघायला सांगा जाऊबाईंना. आणि एप्रिलच्या घामात प्लास्टिक गुंडाळून चालू नका, चक्कर येईल. पुरळ उठेल ते वेगळंच.

कलमवाला, देवगड

ताईनू, माझा उलटा आसा. 86 वरून 77 वर आलो, पाय काड्या झाले, तोंड सुकलं, आणि पोट काय हलाक तयार नाय. मे महिन्यात बागेत पेट्या उचलून उचलून हात बरे आहेत. डॉक्टर म्हणतात पुरुषांनी कंबर 90 सेंटीमीटरच्या आत ठेवायची. माझी पँट 34 ची, म्हणजे साडेशहाऐंशी सेंटीमीटर, मी तर पास. मग साखर कशी काय वाढलेली निघते?

खाडीपलीकडची, वेंगुर्ला

सुईदोरा, तुझं वाचून लिहावंसं वाटलं. तुझं प्रकरण बहुतेक फिजिओताई सांगतात तसंच असेल, पण एक गोष्ट बघून घे. माझे पाय वयात आल्यापासून घोट्यापर्यंत जाड आणि पावलं मात्र बारीक. चरबी घोट्याशी येऊन एकदम थांबते. आईचेही तसेच होते. मी जेवण तोडलं, वजन उतरलं, गाल गेले, छाती गेली, पाय ढिम्म. वरून दाबलं की दुखतात, आणि कुठे आपटल्याचं आठवत नसताना काळेनिळे डाग.

आपल्याकडे पाय जाड दिसला की पहिला शब्द हत्तीरोग. तो भाग आहेही आपला, म्हणून लोकांची चूक म्हणत नाही. रात्री रक्त घेऊन तपासणी झाली, कारण ते जंतू रक्तात रात्रीच सापडतात. काही निघालं नाही. मग पुढची कितीतरी वर्षं "तू खाणं लपवतेस" हे ऐकलं. शेवटी कोल्हापूरला एका डॉक्टरांनी पाय नीट हात लावून बघितले आणि सांगितलं की याला लिपेडिमा म्हणतात. 1940 पासून वैद्यकात याची नोंद आहे, पण बघणारा भेटायला हवा. उपाशी राहून ही चरबी जात नाही. दाबाचे मोजे, पोहणं, चालणं, वजन वाढू न देणं, असं सांभाळायचं. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत ते मोजे घालणं म्हणजे शिक्षा आहे, पण संध्याकाळी पाय हलके वाटतात. आता मी शरीराशी भांडत नाही, मोज्यांशी भांडते.

घरी बघायची खूण: पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत उचलून बघ. उचलली गेली तर लसिकेची सूज, म्हणजे लसिका नावाचा द्रव तुंबून येणारी सूज, असण्याची शक्यता कमी. उचललीच जात नसेल तर दाखवून घे. दोन्ही पाय सारखे, पावलं सुटलेली, दुखणं आणि डाग, हे सगळं एकत्र असेल तर लिपेडिमाबद्दल विचार. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठ, ती रक्ताची गुठळी असू शकते.

सुईदोरा, मालवण

सगळ्यांचे आभार, आणि वेंगुर्लेकर ताई, तुमचे विशेष. बोटाची कातडी उचलली जाते, पाय दुखत नाहीत, डाग नाहीत, बाळंतपणाआधी मांड्याही अशा नव्हत्या. तेव्हा माझी चरबी बहुतेक नुसती रांगेत मागे उभी आहे. तुमच्या पायांसाठी एक सांगते. परकर चार कळ्यांचा न घालता सहा कळ्यांचा घाला, नाडीऐवजी रुंद पट्टा लावून घ्या. कमरेला दाब बसत नाही आणि मोज्यांच्या वरच्या कडेशी कापड गोळा होत नाही. सलवार नकोच. सरळ पँट घोट्यापर्यंत, खाली चार इंचांचा कट ठेवून. मापं पाठवलीत तर बेतून देईन.

रात्रीची पिठी सुरू केली. सासूबाई खूश, कारण कुळीथ त्यांच्या माहेरचे.

माझ्यासारख्या मापाच्या बायकांना तयार कुर्ती का बसत नाही तेही सांगते, म्हणजे दोष अंगाला देणार नाहीत. कंपन्या छातीवरून साइज ठरवतात आणि सीटला तीन-चार इंच जादा धरतात. आपला फरक सहा-सात. मग छातीला बसणारी घेतली की खाली ताणते आणि सीटला बसणारी घेतली की मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, लोंबतो. सीटच्या मापाची घ्या आणि वर बारीक करून घ्या, उलटं जमत नाही. बारीक करताना मुंढा आणि खांदा दोन्ही घ्यायला सांगा, नुसत्या बाजू दाबल्या तर काखेत चुण्या पडतात. आणि वजन अजून उतरत असेल तर कापड कापू नका, माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, आतच राहू द्या. मीच गिऱ्हाईकांना सांगते आणि परवा स्वतःच्या ब्लाउजवर कात्री चालवणार होते, मुलीने हात धरला.

कलमवाले दादा, तुमची 34 ची पँट तुम्ही पोटाखाली बांधता. ते कंबरेचं माप नव्हे, पट्ट्याचं माप. शर्ट वर करा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप फिरवा, टेप मागे वर-खाली जाता कामा नये. श्वास नेहमीसारखा सोडा, पोट आत ओढू नका, आणि मग वाचा. पुरुष गिऱ्हाईक आलं की हा पोट ओढायचा खेळ मी रोज बघते, शर्ट शिवून दिल्यावर बटणं तुटतात.

कलमवाला, देवगड

मोजलं. साडेएकोणचाळीस. म्हणजे 100 सेंटीमीटर! टेप बायकोने धरली होती, आता जेवणाचं ताट तीच वाढणार. फिजिओताई, रापणीचा तो पट्टा कुठल्या ताकदीचा घेऊ ते सांगा, आणि पोटासाठी वेगळं काही करू नये ना?

फिजिओ, रत्नागिरी

मध्यम ताकदीचा घ्या. पंधरा वेळा ओढून शेवटचे दोन जड गेले तर बरोबर आहे, अगदी सहज गेले तर पुढचा आणा. पोटासाठी वेगळं काही नको, पायांसाठी हवं. काड्या झालेत म्हणता ना? खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहा-दहाच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. साखरेचं औषध चालू असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. आणि कंबर महिन्यातून एकदाच मोजा, ताईंनी सांगितलेल्या जागी.